वाकडे पाऊल, सुटलेली पायरी आणि मावशींची नोकरी

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला
(अर्जदार सध्या जेथपर्यंत पोहोचू शकत नाही)

मार्फत : मा. मुख्य लिपिक, आस्थापना शाखा
(तक्रार त्यांच्याविषयीच असली, तरी नियमानुसार त्यांच्याच मार्फत)

विषय : अर्जदाराचे पाऊल फक्त पायानेच वाकडे पडले असल्याबाबत, व त्यापायी कामावरून काढलेल्या मावशींना परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा रजेचा अर्ज
२) आपल्या शाखेची कारणे दाखवा नोटीस
३) अर्जदाराचा खुलासा
४) त्या खुलाशावर आलेली दुसरी नोटीस
५) मुख्य जिन्याची खालून चौथी पायरी

महोदय,

१. अर्जदार आपल्या कार्यालयात आवक-जावक टेबलावर लिपिक आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारणे, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारणे आणि हरवलेला कागद आपल्याकडे आलाच नव्हता असे सांगणे, ही कामे तो नोकरीला लागल्यापासून इमानेइतबारे करीत आहे. त्याच्या सेवापुस्तकात त्याच्या वागणुकीबद्दल चांगला किंवा वाईट असा एकही शेरा नव्हता. चांगला नाही याचे त्याला अधूनमधून वाईट वाटत असे, पण वाईट नाही म्हणून झोप शांत लागत असे.

२. घटनेच्या दिवशी अर्जदार दुसऱ्या मजल्यावरून टपालाचा गठ्ठा घेऊन खाली येत होता. मुख्य जिन्याच्या चौथ्या पायरीची फरशी सुटलेली आहे, हे कार्यालयात सर्वांना ठाऊक आहे. इतके ठाऊक आहे की सर्वजण बोलता बोलता ती ओलांडतात आणि बाहेरचा माणूस पडला की तो बाहेरचा आहे हे ओळखतात. परंतु गठ्ठा अर्जदाराच्या हनुवटीपर्यंत आलेला असल्याने त्याला आपलेच पाय दिसत नव्हते. फरशी हलली, डावा पाय आतल्या बाजूला वळला, आणि अर्जदार टपालासह उरलेल्या तीन पायऱ्या बसूनच उतरला.

३. तेथे बराच वेळ कोणी थांबले नाही. कॅशियर साहेब वरून आले, त्यांनी अर्जदाराला जाण्यायेण्याच्या वाटेत न बसण्याविषयी समज दिली व ते जेवायला गेले. दोघे जण टपालावरून उड्या मारून गेले. शेवटी सफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या. त्यांनी बादली खाली ठेवली, घोट्याकडे एकदा पाहिले आणि टपाल गोळा करायला लागलेल्या अर्जदाराच्या हातातून ते काढून घेतले. अर्जदाराने वेदनेच्या भरात त्यांना, मावशी, जरा खांदा द्या, अशी विनंती केली. त्यावर त्या म्हणाल्या, "खांदा द्यायला अजून वेळ आहे, साहेब. आत्ता नुसते टेका." मग त्यांच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारीत, अर्जदार फाटकाबाहेर गेला. हे सर्व दिवसाढवळ्या, फाटकावरच्या रखवालदाराच्या डोळ्यांदेखत घडले.

४. डॉक्टरांनी फोटो काढून हाड शाबूत असल्याचे, परंतु सांध्याचे बंध चांगलेच फाटल्याचे सांगितले. हाड मोडले असते तर लवकर बरे झाले असते, असेही ते म्हणाले. त्यांच्या सुरावरून अर्जदाराने पडताना थोडे मनावर घ्यायला हवे होते असे वाटले. पाय वांग्याच्या रंगाचा झाला होता. पट्टी बांधून, उशीवर उंच ठेवून, त्यावर अजिबात वजन न देण्याविषयी त्यांनी सक्त ताकीद दिली.

५. आता मुख्य चूक. अर्जदारास कागदावर नीटनेटकी भाषा आवडते. "पाय मुरगळला" हे त्याला अगदीच घरगुती वाटले. मुरगळायचे ते ओले कपडे, असा त्याचा समज होता. म्हणून त्याने रजेच्या अर्जात पुढील वाक्य लिहिले : "कार्यालयाच्या जिन्यात अर्जदाराचे वाकडे पाऊल पडल्यामुळे त्यास चार लोकांत उभे राहणे अशक्य झाले आहे, तरी रजा मंजूर व्हावी." हे वाक्य लिहून झाल्यावर अर्जदाराने ते स्वतःशी दोनदा वाचले व त्याला ते फार आवडले, हेही येथे नमूद करणे त्याला भाग आहे.

६. रजा मिळाली नाही. कारणे दाखवा नोटीस मिळाली. आपले पाऊल वाकडे पडल्याचे आपण स्वतःहून कबूल केले आहे, सबब ते कोणासोबत, केव्हापासून व किती वेळा पडले, आणि त्यासाठी कार्यालयाचा जिनाच का निवडला, याचा लेखी खुलासा करावा, असा तिचा आशय होता. अर्जदाराला दारापर्यंत जाता येत नसल्याने नोटीस त्याच्या पत्नीने घेतली, फोडली आणि दारातच वाचली. मग ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेजारणीला बोलावून तिने ती पुन्हा मोठ्याने वाचून दाखवली. "ह्यांचं वाकडं पाऊल? ह्यांना बाजारात जाऊन सरळ भाजी आणता येत नाही," असे ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिने निदान क्षणभर तरी संशय घ्यायला हवा होता, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

७. अर्जदाराने तातडीने खुलासा केला. पाऊल त्याचे एकट्याचेच व एकदाच पडले, पायरी सुटल्यामुळे पडले, आणि डाव्या घोट्याची सूज अजून उतरलेली नाही, असे त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले. पण अक्षर स्वच्छ असून उपयोग काय? दुसऱ्या नोटिशीत वाकड्या पावलाच्या जोडीला अर्जदारावर "पायरी सोडून वागल्याचा" नवा ठपका आला. शिवाय टंकलेखनात "घोट्या"चा "घोटाळा" झाला, तो लेखापरीक्षण शाखेने वाचला, आणि डाव्या घोटाळ्याचा सविस्तर तपशील द्यावा, उजवा घोटाळा असल्यास तोही आताच कळवावा, असे त्यांनी समासात लिहून पाठवले. उजवा घोटा ठणठणीत आहे. त्याच्याविषयी अर्जदाराला काहीही लपवायचे नाही.

८. याच काळात आपले मुख्य लिपिक यांनी, कागद पुढे कधी सरकेल ते घरी भेटून सांगतो, असा निरोप धाडला होता. अर्जदाराने भाबडेपणाने उलट निरोप पाठवला की, डॉक्टरांनी वजन ठेवायला साफ मनाई केली आहे, तेव्हा निदान महिनाभर तरी वजन ठेवता येणार नाही. हा निरोप त्यांनी मनाला लावून घेतला असे दिसते. तेव्हापासून कागद जागचा हललेला नाही, फक्त त्यावर "सबब, अर्जदाराची सबब लंगडी आहे" असा शेरा पडला आहे. अर्जदाराची सबब धडधाकट आहे. लंगडा आहे तो अर्जदार.

९. खरे सांगायचे तर इथपर्यंत अर्जदाराची फारशी तक्रार नव्हती. आजवर ज्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिले नाही, ते भेटायला येऊ लागले. जिन्यात समज देणारे कॅशियर साहेब संत्री घेऊन आले, पत्नी आत गेल्याचे पाहून खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारले की, तुम्हाला हे जमलं कसं? अर्जदाराने नुसते छताकडे पाहिले. पलंगावर पडल्या पडल्या त्याला आपण कोणीतरी असल्यासारखे वाटू लागले होते.

१०. मग गेल्या आठवड्यात मावशी घरी आल्या. पायाची चौकशी करायला आल्या होत्या. पट्टी सैल करा, बोटं गार पडलीत, एवढे सांगून त्या चहाला थांबल्या. बोलता बोलता, दुसरीकडे कुठे झाडलोटीचे काम असेल तर सांगा, असे त्या पत्नीला म्हणाल्या. अर्जदाराने कारण विचारले. "तुमचं वाकडं पाऊल माझ्या नावावर पडलंय म्हणे," असे म्हणून त्या हसल्या. पत्नी या वेळी हसली नाही.

११. तेव्हा कळले ते असे. "कोणासोबत" या प्रश्नाच्या उत्तराची आपल्या शाखेने वाटच पाहिली नाही. रखवालदाराला विचारले, त्याने जे पाहिले ते सांगितले, आणि "सदर लिपिक एका महिलेच्या खांद्यावर हात टाकून कार्यालयाबाहेर जाताना आढळले" असे टिपणीत आले. लिपिक कायम नोकर, त्यामुळे त्याची चौकशी. महिला कंत्राटी, त्यामुळे तिला दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद. मावशींच्या घरी त्यांच्यामागे दुसरे कमावणारे कोणी नाही. त्यांनी कोणाकडे दाद मागितली नाही, कारण दाद कुठे मागतात हे विचारायला त्यांना आत यावे लागले असते.

१२. महोदय, सारे कार्यालय त्यांना मावशी म्हणते. आपणही म्हणता. पेला सांडला, मावशी. उलटी झाली, मावशी. तोंडाने मावशी म्हणायचे आणि कागदावर "एक महिला" लिहायचे, हे एकाच टेबलावर कसे जमते, याचा खुलासा खरे तर आपल्या शाखेने करायला हवा. मी संत्री खात छताकडे पाहत होतो, तेव्हा त्या काम शोधत हिंडत होत्या. अर्जदाराला याची लाज वाटते, आणि तितकाच रागही येतो. वरील वाक्यात "अर्जदार" लिहायचे राहून "मी" लिहिले गेले आहे. ते तसेच राहू द्यावे.

१३. प्रकृतीविषयी थोडेसे. सूज आता उतरली आहे. घोट्यात बळ यावे म्हणून डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे काढायला सांगितले आहे. अर्जदार रोज सकाळी खुर्चीत बसून मुळाक्षरे गिरवतो. "ग" आणि "म" सहज येतात, "क्ष" अर्ध्यात ठणकतो, "ज्ञ" पत्नी काढू देत नाही. हल्ली, मावशी भेटून गेल्यापासून, तो एकच शब्द काढतो : मुरगळला. त्यातल्या "ळ"ला घोटा दोन्ही बाजूंनी छान वळतो. हा शब्द पहिल्याच दिवशी हाताने लिहिला असता, तर आज तो पायाने लिहावा लागला नसता.

१४. सबब, नम्र विनंती अशी की, "वाकडे पाऊल पडले" ऐवजी "पाय मुरगळला" अशी दुरुस्ती व्हावी. चढलेला शेरा खाली उतरवण्याची आपल्या शाखेत पद्धत नसेल, तर तो खुशाल राहू द्यावा. पायरी सोडल्याचा ठपका राहू द्यावा, डावा घोटाळाही राहू द्यावा. अर्जदार निवृत्तीपर्यंत ते सर्व घेऊन लंगडत जाईल. पण मावशींना त्यांच्या कामावर परत घ्यावे, आणि बंद ठेवलेल्या दिवसांची मजुरी द्यावी. ही एक गोष्ट झाली, तर बाकी कशासाठीही अर्जदार पुन्हा अर्ज करणार नाही. चौथी पायरी बसवून घ्यावी, हे जाता जाता.

१५. कामावर रुजू होण्यास अर्जदार एका पायावर तयार आहे. दुसऱ्याविषयी डॉक्टर पुढच्या आठवड्यात सांगतील.

१६. अखेरीस, चौकशीबाबत. ती दुसऱ्या मजल्यावर ठेवली आहे आणि अर्जदाराने तेथे जातीने हजर राहायचे आहे. अर्जदार हजर राहील. मात्र त्याला आधाराशिवाय जिना चढता येत नाही, आणि ज्या खांद्याची त्याला सवय आहे तो आपण फाटकाबाहेर ठेवला आहे. म्हणून त्या दिवशी फाटक उघडे ठेवावे. अर्जदार मावशींच्या खांद्यावर हात टाकून, त्याच जिन्याने, सर्वांच्या देखत वर येईल. हे ऐकून पत्नी म्हणाली, "एकट्या बाईवर तुमचा सगळा भार कशाला? मी दुसऱ्या बाजूला राहते." त्यामुळे त्या दिवशी अर्जदाराच्या दोन्ही खांद्यांशी एकेक महिला असेल. टिपणी लिहिताना पुन्हा घोटाळा होऊ नये, म्हणून आगाऊ कळवतो : उजवीकडची माझी बायको. डावीकडची, दुखऱ्या पायाच्या बाजूची, आपल्या सर्वांची मावशी.

कळावे, आणि या वेळी नीट कळावे.

आपला नम्र व तूर्त एकपायी,
(सही)
लिपिक, आवक-जावक
दिनांक : ११ नोव्हेंबर

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला. त्यात "घोटा" असे सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.
२) चौथ्या पायरीच्या फरशीचा तुकडा, स्वतंत्र पिशवीत. मावशींनी त्या दिवशी टपालासोबत उचलून ठेवला होता.
३) मावशींचा कामावर परत घेण्याविषयीचा अर्ज. मजकूर त्यांच्या सांगण्यावरून अर्जदाराच्या पत्नीने लिहिला आहे. अर्जदाराला लिहू दिला नाही.