धरणावरचा कावळा

प्रिय वेदू बाय,

शेजारची शमिका लिहायला बसलीय. मी सांगते तसंच लिही म्हटलंय, सुधारू नको. कॉलेजात जायला लागल्यापासून तिला माझं बोलणं पटत नाही. फोन केला असता, पण फोन रघूच्या घरात, नि तिथे मी शिंकले तरी वाडीला कळतं. तू पाखरं मोजायला आसामात गेलीस, तिथे पुरात अडकलीस आणि आजोबांच्या दहाव्याला पोचली नाहीस, त्याचा राग नाही. आम्हीही इथे अडकलोच होतो.

दुर्बीण गळ्यात घालून तू वरच्या धरणावर मला घेऊन बसायचीस, धुक्यात दिवसभर डोळे फोडायचीस आणि एक बगळा बघून खूश व्हायचीस. मी हसायचे. तर बाय, दहाव्याला आख्खी भावकी तेच करत होती. धरणाच्या काठाला पिंड ठेवलेला, वाऱ्याने छत्र्या उलट्या झालेल्या, धुक्यात पाणी कुठे संपतं नि डोंगर कुठे लागतो ते कळेना, आणि वीसेक माणसं टक लावून कावळा शोधतायत. तो शिवेपर्यंत हलायचं नाही. खाली वाटेवरच्या पऱ्याला ओढ्यासारखं पाणी चढत चाललेलं. उशीर झाला तर रस्ता बंद.

मग सुरू झाली वचनं. पुतण्या रघू म्हणाला, काका, तुमची कलमं मी राखीन. कावळा नाही. कुणी तंबाखूची डबी ठेवली. तरी नाही. मला हसूही येत होतं नि रडूही. जिवंतपणी त्यांना कुणी एवढं विचारलं नव्हतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात तुझा बाप पुढे झाला, हात जोडून मोठ्याने म्हणाला, बाबा, आईला एकटी ठेवणार नाही, मुंबईला माझ्याकडे नेतो. आणि आला गो मेला! झाडातून सरळ पिंडावर. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

तेव्हापासून मी बांधलेली. गणपती झाले की नेणार. नाही म्हटलं, तर रघूची बायको डोळे मोठे करते, काकी, त्यांचा जीव त्यातच अडकला होता ना? आता मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? विरारचं तुमचं घर चांगलं आहे, तुझी आई मायेची आहे. पण मागे आले होते तेव्हा एकदा खाली उतरले, आणि परत वर आले तर सगळी दारं सारखी. वरचे आकडे मला कुठे वाचता येतात? तुझी आई येईतो जिन्यात बसून राहिले. मग गावी परतेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. तुझ्या बापाला हे कधी बोलले नाही. लाज वाटली.

आता पत्र कशाला, ते ऐक. तुझा बाप हात जोडत होता ना, तेव्हाच पाऊस थांबला होता. सगळ्यांचे डोळे पिंडावर. मी मात्र वर बघितलं, कारण छत्रीवरचा आवाज बंद झाला. तू पाखरांचं शिकलेली. भर पावसात कावळा कुठे बसतो, आणि उघडीप मिळाली की उपाशी पोटी काय करतो, ते बापाला नीट समजाव. तुझं तो ऐकतो. आणि तुला वाटलंच, की नाही, ते आजोबाच होते, तर ते त्याला सांगू नकोस. मला एकटीला कळव. त्यांच्याशी माझं मी बघून घेईन.

तुझीच,
अजून तरी गावातली,
आजी