लाल दोऱ्याची डबी

नितीनच्या बा, रामराम.

मी पोशी, तुमची बायको. आठवण करून दिलेली बरी. लिहिते आहे आपली नात वर्षाली.

जव्हारला डॉक्टरांनी माझं आतडं कॅमेऱ्याने पाहिलं. गाठ नाही, काही नाही. मी हसलेसुद्धा.

मग आठवलं. आशाताईने शौचाच्या तपासणीला दोन डब्या दिल्या, तेव्हा वाचता येत नाही म्हणून माझ्या डबीला मी लाल दोरा बांधला. तुम्ही विसरून तीच भरलीत. काय फरक पडतो म्हणून मी तुमची भरली. रक्त दोऱ्याच्या डबीत निघालं.

डॉक्टरांना सांगितलंय. पोट अजून दुखतं का? खरं सांगा. शेळ्या शेजारी सोपवा आणि पत्र मिळताच या.

येताना नागलीचं पीठ आणा. तपासणीनंतर भाकरी मीच थापीन. दोघांपुरतं आणा.

तुमची पोशी