टेंगळाचा केक

प्रिय बॉबिन,

तुला एक गोष्ट विचारायची आहे. फोनवर दरवेळी ती जिभेवर येते आणि मी आपला हवापाणी विचारून फोन ठेवतो. समोर तुझा आवाज असला की माझी गाडी अडते, म्हणून हे पत्र. शेवटी विचारीन. आधीच शेवटची ओळ वाचू नकोस, तुझी ती खोड मला चांगली ठाऊक आहे. तोवर केकचं ऐक.

हो, केक! तुझा बाप केक भाजायला लागलाय. हस, खुशाल हस. एका लग्नासाठी हवाय, दुमजली, एकावर एक असा. आणि तो मीच करणार असं मी छाती फुगवून सांगून बसलोय. आता आपल्या घरातला केक कसा असायचा ते तुला सांगायला नको. तुझी आई एवढी सुगरण, पण तिच्या केकला मधोमध टेंगूळ यायचंच. ती ते सुरीनं उडवायची आणि तू ओट्याशी टपून बसलेली असायचीस. तुझ्या तोंडात ते जाईपर्यंत घरात कुणाला शांतता नसायची. आपल्याला त्या टेंगळाचं कौतुकच होतं गं, पण टेंगळावर दुसरा मजला कसा चढवणार?

पहिला केक आईच्याच कृतीनं केला. निवल्यावर त्याच्या डोक्यावर दोऱ्याचं रीळ आडवं ठेवून पाहिलं. ते जे घरंगळलं ते थेट शिलाई मशीनखाली. म्हटलं, अरे, जन्मभर शिंपीकाम केलं, भल्याभल्यांच्या पोटावर कापड सपाट बसवलं, हा केक काय चीज आहे! मग ओव्हनसमोर स्टूल टाकून बसलो आणि काचेतून बघत राहिलो, तेव्हा गोम कळली. भांड्याचा काठ आधी तापतो, त्यामुळे कडेचा केक लवकर घट्ट होऊन बसतो आणि मधला बिचारा एकटाच वर वर येत राहतो. म्हणजे काठ थंड ठेवायला हवा. ओल्या कापडाची जाड पट्टी भोवती बांधली की झालं. आता कापडाला माझ्याकडे काय तोटा? जुन्या सुती चादरीची पट्टी फाडली, घडी घालून जाड केली, भिजवून पिळली, भांड्याला मापात बसवली आणि ऐटीत टाचण्या लावल्या. हात सवयीनं गेला तो रंगीत, गोल डोक्यांच्या टाचण्यांवर. प्लॅस्टिकची डोकी ती! थोड्या वेळानं असा काही वास सुटला की समोरचा घड्याळवाला डोळ्याला भिंग तसंच लावून धावत आला. केक टाकून द्यावा लागला, भांडं घासून माझे खांदे दुखले, आणि लायब्ररीतल्या बाई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

लायब्ररीतल्या बाई आठवतात ना? तुला एकाऐवजी दोन पुस्तकं द्यायच्या आणि कुणाला सांगू नकोस म्हणायच्या, त्याच. आता निवृत्त झाल्यात. बाही आखूड करायला आल्या होत्या, मग बटण लावायला आल्या, मग नुसत्याच यायला लागल्या. माझे सगळे फसलेले केक त्याच चाखतात आणि खोटं कौतुक म्हणून करत नाहीत. एकदा म्हणाल्या, चव छान आहे हो, पण याला इस्त्री करायची राहिली. मला जरा लागलं, पण पुढच्या खेपेला केक ओव्हनमधून काढल्या काढल्या वर स्वच्छ रुमाल टाकून तळहातानं हलकेच दाबला. फरक पडला की! त्यांना मात्र मी अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसतील.

आता पट्टीला लोखंडी सेफ्टी पिना लावतो. आच कमी ठेवतो, घाई करत नाही. मिश्रण मधून काठाकडे सारतो आणि केक उलटा करून निववतो. तरीही कुठे उंच वाटलाच तर टेपनं माप घेऊन चहूबाजूंनी टाचण्या टोचतो, त्यांच्यावर दोरा टेकवून केकभोवती गुंडाळतो आणि टोकं एकमेकांवरून घेऊन ओढतो, की वरचा उंचवटा अलगद कापला जातो. सुरीसुद्धा लागत नाही. काल पहिल्या मजल्यावर रीळ ठेवलं, हललं नाही. वर दुसरा मजला चढवला, त्यावर ठेवलं, तरी ढिम्म! मी टाळ्या वाजवत दुकानभर नाचलो, या वयात. बाईही नाचल्या.

तर आता विचारतो. लग्न माझंच आहे, बॉबिन. माझं आणि बाईंचं. तुझी आई गेल्यापासून मी जेवताना रेडिओशी भांडायचो, आताशा त्याला हातही लावत नाही. मी आनंदात आहे, आणि हे तुला सांगायलाच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. तारीख ठरवलेली नाही. बाईंनी बजावलंय की मुलीचं पत्र आल्याशिवाय तारखेचं नाव काढायचं नाही, आणि माझंही तेच म्हणणं आहे. मनाला पटलं नाही तर तसंच लिही, मी ऐकेन. खालचा मजला तुझ्या आईच्या कृतीचाच राहील, हेही बाईंनीच ठरवलं. येशील ना गं? तुझ्यासाठी एक लहान केक मी मुद्दाम पट्टी न बांधता भाजणार आहे. त्याला भलंमोठं टेंगूळ येईल. तू आल्याशिवाय त्याला कुणी सुरी लावणार नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
बाबा