बोटाएवढी बॅग

२० जानेवारी
सेनोबिया आली. बारा वर्षांनी, स्पेनहून. माझी धाकटी बहीण, पण उतरली हॉटेलात. ला पासच्या मुख्य चौकाजवळचं ते शंभर वर्षांचं, नव्याने सजवलेलं हॉटेल. ती, मी आणि योबाना, तिघींसाठी एकच मोठी खोली. "ताई, वर डोंगरावर तुझ्या घरी थंडी बाधते मला." बाधते म्हणे! जन्मली कुठे ही?
दरवानाने माझा घागऱ्यासारखा घेरदार पोलेरा पाहिला, टोपी पाहिली. "मावशी, कामवाल्यांचं दार मागच्या गल्लीत." सेनोबिया त्याच्यावर अशी कडाडली की मलाच त्याची दया आली.
ती का आली आहे ते मला ठाऊक आहे. योबानाला न्यायला. स्वतःची दोन वर्षांची पोर माझ्यापाशी ठेवून गेली होती. आता चौदाची आहे. तिला 'मम्मी' म्हणते, मला 'माय'.

२१ जानेवारी
झोप नाही. गादी इतकी मऊ की आपण बुडतोय असं वाटतं. जिन्याचा पितळी कठडा घासून चकचकीत केलाय, हात लावला की ठसा उमटतो. मी शालीच्या टोकाने पुसते. योबाना हसते. "माय, त्याला माणसं आहेत इथे." एका दिवसात शिकली.

२२ जानेवारी
नाश्त्याला सेनोबियाने विषय काढलाच. तिथली शाळा, योबानाची स्वतंत्र खोली. "पोरीलाच ठरवू दे, ताई."
ठरवू दे, म्हटलं मी. घास मात्र उतरेना. योबाना पावाला लोणी लावत बसली होती, अगदी कडेपर्यंत.
ती गेली तर मी कुणासाठी शिवू? कुणावर ओरडू?

२३ जानेवारी
उद्या अलासितासची जत्रा. जे हवं त्याची चिमुकली नक्कल घ्यायची, दुपारी बाराच्या ठोक्याला यातिरीकडून, आमच्या पुजाऱ्याकडून, तिला धूप दाखवायचा. वर्षाच्या आत खरं होतं. आपलं आपण घेतलेलं फळत नाही, दुसऱ्याने हातात द्यावं लागतं. योबानाला हे सगळं मीच शिकवलं.
मी तिच्यासाठी घर घेणार. इथलं, विटांचं.

२४ जानेवारी
केलं ते केलं.
जत्रेत योबानाने माझी पाठ वळलेली बघून काहीतरी घेतलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. मग ऊन चढलं. "माय, धर गं कोट." मी खिसा चाचपला. बॅग! बोटाएवढी प्रवासाची बॅग, तांबडी, आत नखाएवढा पासपोर्ट.
म्हणजे ठरलं हिचं. मला सांगायचीही गरज वाटली नाही.
बॅग काढली आणि माझ्या गाठोड्यात, अगदी तळाशी कोंबली. धूप लागला नाही तर जाणार कशी?
बारा वाजत आले तसे तिने खिसे उलटे केले. जमिनीवर बसून लोकांच्या पायांतून शोधलं. "आत्ता तर होतं, माय!" गर्दीत पडलं असेल, म्हटलं मी. घंटा वाजल्या. सगळ्यांनी आपापली घरं, गाड्या, बाळं धुरात धरली. ती रिकाम्या हातांनी रडत उभी. माझं विटांचं घर मात्र तिच्या नावाने धुरातून निघालं.
वाईट वाटलं. पण इतक्या दिवसांनी आज पोटभर जेवले.

२५ जानेवारी
सकाळी माझी वेणी घालता घालता म्हणाली, "माय, ती बॅग तुझ्यासाठी होती. बाराला तुझ्या हातात देणार होते. मी मम्मीला केव्हाच सांगितलंय, माय येणार असेल तरच मी येईन. ती हो म्हणालीय."
बॅग अजून गाठोड्याच्या तळाशी आहे. ती बाहेर कशी काढू?