सातचे चार मजले

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? (नसेल तर त्यांना सांग, औषध प्यायचं असतं, खिडकीत मांडून ठेवायचं नसतं.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी भावजय सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलते.

झालं असं, की माझ्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेवर सात मजली इमारत बांधायचं नगरपालिकेने ठरवलं. भर बाजारपेठेत माणसं राहायला यावीत, तरुण पोरांना कामाजवळ परवडेल असं घर मिळावं, वगैरे. वर नागरिकांनी आपली मतं मांडावीत, अशी नोटीस. आता मला कुणी मत विचारलं की मी किती वेळ घेतो, हे तू लहानपणापासून भोगलं आहेस. बाकीचे दुकानदार नुसते 'आमचा विरोध आहे' म्हणून ओरडून आले. मी पडलो घड्याळजी! तीन आठवडे दारात काठी रोवून सावल्या मोजल्या (लोकांना वाटलं, दुकान चालेना म्हणून डोक्यावर परिणाम झाला) आणि मिनिटामिनिटाचा तक्ता केला. इमारतीची सावली दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी माझ्या टेबलावर येणार आणि बारीक स्क्रू दिसेनासे होणार, हे पुराव्यानिशी सिद्ध केलं. (हल्ली दिवसाला दोन घड्याळं येतात आणि त्यातल्या एकाला फक्त सेल घालायचा असतो, हे तक्त्यात लिहिलं नाही.)

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. मी तक्ता भिंतीवर लावला आणि पट्टीने एकेक रेघ दाखवत गेलो. नगरपालिकेच्या इंजिनियरला घाम फुटला. मागच्या रांगेत तुझी भाची बसली होती, ऑफिसातून अर्धी रजा टाकून. बाप बोलतोय म्हणून ऐकायला आली, असं वाटून मी आवाज आणखी चढवला. नंतर बोलणाऱ्यांच्या यादीतून अध्यक्षबाईंनी तिचंच नाव पुकारलं. ती उभी राहिली, हातातल्या कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "मला काही बोलायचं नाही." मी शेजारच्या शिंप्याला कोपर मारून म्हटलं, पोरीला पटलं बघा!

सातचे चार मजले झाले. दुकानदार मला खांद्यावर घेणार होते, पण माझं वजन बघून चहावर भागवलं. घरी आलो तर तुझ्या भावजयीचे डोळे सुजलेले. पोरीने आणि जावयाने त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या घरासाठी नाव नोंदवलं होतं, आणि सोडतीत ते लागलंही होतं. मला सांगितलं नाही, कारण मी विरोध करणार हे ठरलेलंच. म्हणे एकदम किल्लीच दाखवू. तो कागद इमारतीच्या बाजूने बोलायचा होता गं. चारचौघांत बापाचं खोडून काढायला तिची जीभ रेटली नाही, आणि मी मूर्ख टाळ्या मोजत बसलो होतो.

माफी मागायला गेलो, तर म्हणते कशी, "जाऊ द्या बाबा, तक्ता छान होता." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने खिडकीतून हाक मारली असती, तर मला टेबलावरून ओ देता आली असती, इतकं जवळ होतं ते घर. आता टेबलावर संध्याकाळपर्यंत लख्ख उजेड असतो. मला त्या उजेडात काही सुधरत नाही, ताई. जावयाने तुमच्या गावी बदली मागून घेतली आहे. पुढच्या महिन्यात निघतील.

तुझा,
अतिशहाणा भाऊ

ता. क. माझ्या तक्त्याचं कानावर आल्यावर तुझ्या घरासमोर येणाऱ्या इमारतीविरुद्ध तू माझ्याकडे तसाच तक्ता मागितला होतास. तू कळवलेल्या मापांवरून तो तयार आहे. पाठवणार नाही. हरकत नोंदवली असशील तर उद्याच्या उद्या मागे घे. पोरीने तिथे पाचव्या मजल्यासाठी नाव घातलं आहे.

आणखी एक. तुझ्या अंगणातलं ऊन पाऊण तास लवकर जाईल, खोटं कशाला सांगू? तेवढं सोस. आणि ती राहायला आली, की तिच्या खिडकीत दिवा लागलेला दिसला का, एवढं मला कळवत जा.