स्वेटरखालची वाटी

मंगळवार, चौदा तारीख

चिमणे,

आजीचा पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, कालपासून दोन्ही वेळा जेवते. अक्षराला हसू नकोस, दुसरीपर्यंतच शिकले, आणि तिथंही निम्मा वेळ धाकटा भाऊ कडेवर. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरणीचा मुलगा आज तुझ्याच गावी निघालाय, त्याच्या हाती देते. मास्तरीण पत्त्यांत लबाडी करते गं! पकडली की तिला ऐकू येत नाही.

आश्रमात सगळं छान. फक्त स्वयंपाकघरातली आमची फौजदारीण, म्हणजे मुख्य स्वयंपाकीण, चार दिवस गप्प होती. एरवी काय तोरा! डोक्याला टोपी, वाढणाऱ्या बायकांची नखं तपासणार, कच्च्याची सुरी वेगळी, शिजल्याची वेगळी. जेवणं आटोपली की उरलेलं सरळ टाकून देणार. माझा जीव तुटतो. घास टाकला तर सासूबाई आठवडाभर सोलून काढायच्या.

म्हणून तर... आता लिहूनच टाकते. बुधवारी मी कस्टर्डची वाटी पदराआड आणून कपाटात स्वेटरखाली ठेवली. गुरुवारी संध्याकाळी खाल्ली आणि रात्रभर उलट्या झाल्या. खाताना वास येत होता, मला वाटलं डांबरगोळ्यांचा.

शुक्रवारी तू धावत आलीस. "तुमच्या घाणीनं माझी आजी मरायची!" म्हणून फौजदारणीवर कडाडलीस, तक्रार लिहून दिलीस. तेव्हाच सांगायचं होतं. पण माझ्यासाठी असं कुणी जन्मात भांडलं नव्हतं गं. गोड वाटलं. मी डोळे मिटून पडून राहिले.

काल कळलं, येत्या शुक्रवारी तिला कामावरून काढणार. तशीच गेले. ती फ्रिज घासत होती. सगळं सांगितलं, माफी मागितली. तिनं हातातलं फडकं बादलीत टाकलं.

"आजी, चार दिवस मी एकेक पातेलं हुंगतेय! माझं कुठं चुकलं तेच कळेना."

मग रडली, मग हसली, मग थेट माझं कपाट तपासायला निघाली. दोन केळी सापडली. गेली कचऱ्यात!

आश्रमाच्या साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तक्रार नातीची, मागे तिनंच घ्यायची." तेव्हा शुक्रवारच्या आत ये आणि लिहून दे. तिची माफीही माग. मी मागितली, उंची काही कमी झाली नाही. माझ्यावर रागव, हवं तेवढं रागव, पण समोर बसून.

एक शब्दही खोटा न बोलता खोटी ठरलेली,
तुझी आजी