लाडू वाढला, पोट घटलं

३ जून २०२५, मंगळवार
शुगरचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी ८.६. डॉ. रितिका म्हणाली, मनोहरकाका, गोड बंद, रोज चालणं, ऑगस्टअखेर परत टेस्ट. नाही उतरली तर इन्सुलिन. ही पोरगी आमच्याच शाळेतली. तिच्या टेस्टट्यूब मी धुतल्या आहेत.
मला सुईची भयंकर भीती वाटते. हे फक्त इथे लिहितो. कामिनीला सांगायचं नाही, बायको आहे, हसेल.
उद्यापासून पाचला उठणे.

४ जून, सकाळी ८.४०
आज बुधवार. चांगलं काम असं अर्ध्या आठवड्यात सुरू करू नये. सोमवारपासून.

९ जून, सोमवार
चाललो. कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत. कुत्री. परत.

त्याच दिवशी, दुपारी ३
चैन नाही. दोनदा फ्रिज उघडला, दोन्ही वेळा मागे कामिनी. म्हणाली, "तुम्ही काय शोधून राहिले?" पाणी, म्हणालो. मग माळ्यावर चढलो. डब्यांखाली अंथरायला तिने जपलेली जुनी कॅलेंडरं निघाली, १९८६ पासूनची. प्रत्येकात एक तरी गणपती.
बघता बघता अंगावर काटा आला. जुन्या गणपतीचा लाडू सुपारीएवढा, पोट घागरीएवढं. गेल्या वर्षीचा लाडू बेलफळाएवढा आणि पोट सपाट, दंडाला बेटकुळ्या!
एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. डेटा दिसला की मला कळतो.

११ जून
व्हर्निअर कॅलिपर काढला. (निवृत्तीच्या सामानात चुकून घरी आला होता.) एकोणचाळीस चित्रं मोजली. लाडू वाढला की पोट घटतं. शुद्ध व्यस्त प्रमाण. डॉक्टर लोकांच्या हे लक्षात कसं येणार? त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर औषध कंपनीचं.

१२ जून
पडताळणी. बाळकृष्ण: रोज लोणी, अंगावर मांस नाही. अन्नपूर्णा: सदा स्वयंपाकात, तरी सडपातळ. कुबेर: पोट आहे, हातात लाडू नाही. सिद्धांताला पुष्टी! कुंभकर्ण: खातोही, पोटही आहे. राक्षस असल्यामुळे वगळला.
आता मानवी प्रयोग. महालच्या बाजारातून अर्धा किलो बेसनलाडू आणले. डबा माळ्यावर, कॅलेंडरांमागे. रोज एक, फक्त शास्त्रासाठी.

७ जुलै
रोज दोन. एका लाडवावर परिणाम दिसेना, डोस कमी पडत असावा. पँटचं बटण लागत नाही. पावसाळ्यात कापड आटतं.
चालणं गणपतीनंतर.

२० जुलै, रविवार
ज्येष्ठ नागरिक मंडळात निबंध वाचला. बावीस माणसं, पैकी चार जागी. शेवटी यमुताई उठल्या. "मनोहरराव, तो उंदीर ताटभर लाडू खाऊन राहिला इतकी वर्षं, मंग त्याचं पोट काहून नाही सुटलं?" मी म्हणालो, ताई, हाच तर पुरावा! लोक हसले. गॅलिलिओलाही हसले होते. टाळ्या एकट्या धोंडबाने वाजवल्या. त्याची शुगर २८० आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी ६: उपाशीपोटी रक्त द्यायचंय. निर्धास्त.
६.२०: निर्धास्त.
६.३५: डबा रिकामा आहे, पाहून आलो.
९: दिलं. डोळे मिटले होते, पण ते उजेडामुळे.

२३ ऑगस्ट
१०.४.
मी रितिकाला लाडू-पोटाचा तक्ता दाखवला. तिने सगळा वाचला, हे कबूल करायला हवं. म्हणाली, काका, मोजमाप सुंदर आहे. आता रोज बोटातून शुगर मोजायची, अशीच वहीत लिहायची. आणि इन्सुलिन उद्यापासून.

२५ ऑगस्ट, सोमवार
इन्सुलिन कामिनी टोचते. मी कॅलेंडरकडे बघतो. हसली नाही.
चितारओळीत मूर्ती आणायला गेलो. चंद्रभानच्या घरी तीन पिढ्या मूर्ती घडवतात, म्हणून त्याला सरळ विचारलं: लाडू वाढला आणि पोट घटलं, यामागचं कारण?
म्हणाला, "काकाजी, पोटाले भल्ली माती लागते. मूर्ती जड झाली का गिऱ्हाईक उचलतच नाही. अन् बोटं घरी नेता नेता मोडतात. म्हणून लाडू मोठा ठेवून राहिलो. त्याच्यामागं बोटं कोण पाहते?"
आणि कॅलेंडरवाले?
"ते इथूनच फोटो काढून नेतात जी."
हे त्याचं वैयक्तिक मत. मूर्ती घेतली. खरंच हलकी आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
स्थापना झाली. आरतीनंतर सगळ्यांना लाडू, मला काकडीची फोड. मखराचे पुठ्ठे काढायला कामिनी सकाळी माळ्यावर चढली होती. रिकामा डबा घासून ओट्यावर पालथा ठेवलाय. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
माणसं गेल्यावर मखराच्या बाजूने वाकून पाहिलं. लाडवामागे बोटं नाहीतच.
माझी दहाही आहेत. काल मधलं टोचून झालं. आज करंगळी.